कोटवाली

व्होरूच्या शाळेत मी मुलांचे कोट सांभाळते.
एकशे चौऱ्याऐंशी खुंट्या, त्यातल्या सात मोडक्या.
बर्फाचे बूट काढून मुलं चपला घालतात,
वर जातात. खाली मी आणि कोट.
बाह्या आखूड झाल्या ते मला आईआधी कळतं.
खिशाला सिगारेटचा वास आला तेही.

डिसेंबरात साडेतीनलाच अंधार.
म्हणून कायदाच आहे इथे:
कोटाला दोरीने चकाकती टिकली लटकवायची,
गाडीचा उजेड पडला की पोर दिसावं.
कुणाचं घुबड, कुणाचा हेजहॉग,
कुणाची बँकेने फुकट वाटलेली.

मंगळवारी तार्तूहून दोन बायका आल्या,
नववी-दहावीला कागद वाटले, भरून घेतले.
मला काही विचारलं नाही.
मी कोटवाली, कोतवाल थोडीच.
एक कोरा कागद बाकावर राहिला,
तो चष्मा लावून वाचला.

घरी मोठं माणूस किती वेळ असतं?
दारू पहिल्यांदा कितव्या वर्षी?
जवळचे मित्र किती?
याआधी कधी कुणी तुझ्या इच्छेविरुद्ध

इथे मी चष्मा काढला.
आमच्या वेळी शाळा सामूहिक शेतीवाल्यांची होती,
आणि नकाशांच्या खोलीची किल्ली
एकाच मास्तरांकडे असायची.
पुन्हा चष्मा लावला. पुढचं वाचलं.

सगळे प्रश्न पोरांनाच.
मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीची कडी
ऑगस्टपासून तुटलीय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
ओट्ट कोट खुंटीला लावतच नाही,
कवटाळून जिममध्ये नेतो, घामेजून परत आणतो.
एकदा त्याच्या टिकलीची नुसती दोरी परत आली.
मी म्हटलं, काय झालं रे?
म्हणाला, पडली.
कात्रीने कापलेली दोरी मला कळत नाही होय?
मुख्याध्यापक म्हणाले, कडीचं जानेवारीत बघू.

आणि मारीका.
आई तुर्कूला बोटींचे केबिन धुते,
तीन आठवड्यांनी एकदा घरी.
शाळा दोनला सुटते, र्‍यौगेची बस चार चाळीसला.
मधले दोन तास चाळीस मिनिटं
कागदावर कुणी विचारलेली नाहीत.
बारावीतल्या इंद्रेकने मात्र बरोबर मोजलीत.
त्याच्याकडे गाडी आहे, सीट गरम होते.
मुलगा गुणाचा. माझ्यासाठी दार धरतो,
तब्येत विचारतो. मागच्या वर्षी
लिइसीलाही असाच सोडायचा घरी.
लिइसी आता व्हाल्गाच्या शाळेत जाते.
का, ते कुणी बोलत नाही.
जाताना तिने कोट नेला नाही.
अजून आहे. खुंटी एकशे बारा.

परवा दोनला मारीका आली, गाल लाल,
बाहेर इंजिन सुरू.
मी म्हटलं, तुझा कोट सापडत नाही गं.
काय? सकाळी तुम्हीच लावलात!
हो, पण आता सापडत नाही. म्हातारी झाले मी.
तिने पाय आपटले. फोनवर काहीतरी लिहिलं.
मी आत जाऊन एकेक खुंटी हलवत राहिले,
सावकाश, दुखऱ्या गुडघ्याला साजेसं.
कोट माझ्या खुर्चीखाली होता.
वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज गेला.

मग ती बसली, रागातच.
माझ्या डब्यातली राईची काळी भाकरी खाल्ली,
म्हणाली, फार आंबट आहे. सगळी खाल्ली.
साडेचारला कोट सापडला.
माझ्याकडे न बघता तिने बटणं लावली,
आणि बसस्टॉपपर्यंत तिचं घुबड
प्रत्येक गाडीच्या उजेडात लुकलुकत गेलं.

कडी मीच आणली, तीन युरो चाळीस सेंट,
चार स्क्रू सुटे. हात थरथरला,
एक तिरका बसला, पण लागते.

कोरा कागद घडी करून एप्रनच्या खिशात आहे.
वय: अडुसष्ट, एवढंच लिहिलंय अजून.
रोज कोट हरवता येणार नाही, हे कळतं मला.
आणि गुरुवारी माझी सुट्टी असते.